तिसरा वाटा

त्याला मी एकदा रडताना पाहिलं, असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ते खोटं होईल. तो रडला नाही. पांढरी ताटली मांडीवर घेऊन सकाळपासून दिवस कलेपर्यंत तो वाट बघत बसला, आणि मी शेडच्या दारात उभा राहून त्याच्याकडं बघत होतो. कशाची वाट, ते पुढं येईल. आधी माणूस सांगतो.

मी तिसरी शिकलेला. वेलांटी पहिली का दुसरी, ते मला विचारू नये. हळ्ळीखेडला आमची शेती आणि शेताच्या बांधाला माझं अंड्याच्या कोंबड्यांचं शेड. गावात पिंजऱ्याचं शेड पहिलं मी घातलं. वर पिंजरे, खाली खांबांच्या मधी कोंबडखत पडत राहतं, त्याचे पागोट्यासारखे ढीग होतात. एकदा कोंबड्या पिसं गाळायला लागल्या तेव्हा कुणीतरी त्याला घेऊन आलं. जनावरांच्या दवाखान्यात कंपौंडर होता, नुकताच रिटायर झालेला. मूळचा बीदरकडचा, घरात कानडी बोलणारा, गळ्यात लिंग, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणायचो.

अण्णानं कोंबड्या बघितल्या, पण किती? चहा थंड होईस्तोवर. मग तो पिंजऱ्याखाली वाकून गेला तो तासभर आलाच नाही. मला वाटलं, चक्कर येऊन पडला का काय. बाहेर आला तर सदऱ्यावर एक डाग नाही आणि चेहऱ्यावर नवरदेवासारखं हसू.

"मालक, तुमच्या कोंबड्याला काही झालं न्हाई. पिसं बदलायल्यात. पण खाली तुमची खरी दौलत हाय."

"कसली दौलत?"

त्यानं मूठ उघडली. तळहातावर मोहरीचे सात-आठ दाणे. काळे, चकचकीत.

"मोहरी?"

"नोड्री," तो म्हणाला. बघा म्हणायचं असलं की त्याच्या तोंडात कानडीच यायचं. "जरा दम धरा."

मी दम धरणारा माणूस नाही. पण धरला. एका दाण्याला पाय फुटला. मग दुसरा. मग ती मोहरी त्याच्या मनगटाकडं चालायला लागली.

त्याच महिन्यात तो माझ्या जुन्या खाद्याच्या खोलीत राहायला आला. बायको वारलेली, मूलबाळ नाही, बीदरजवळ नौबादला एक बहीण. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि कंदील ठेवायच्या खुंटीला तामचिनीची पांढरी ताटली. ती ताटली, लेकरांचा रंगाचा एक ब्रश आणि घड्याळजीचं डोळ्यात धरायचं भिंग, एवढाच त्याचा संसार. रोज सकाळी अंघोळ करून, लिंगपूजा करून, धुतलेल्या कपड्यानं तो खताच्या ढिगापुढं जायचा आणि हात जोडायचा, "शरणु शरणार्थी." देवाला नव्हे, ढिगाला. मग लिंग सदऱ्याच्या आत सारायचा, उपड्या बादलीवर बसायचा आणि ब्रशानं खत ताटलीत ओढून मोजायला लागायचा.

आमची कारभारीण म्हणायची, "या माणसाला आपल्या कोंबडीचं अंडं चालत न्हाई, आन माशीची अंडी मोजत बसलाय."

तिच्याकडून हे त्याला कळलं तर तो म्हणाला, "अक्का, मी मोजतो. खाणारं वायलं हाय."

खाणारं म्हणजे तो किडा. अण्णानं मला भिंग डोळ्याला लावून दाखवलं. माशी ओल्या खतात अंडी घालते, बारीक कणीसारखी पांढरी, गठ्ठ्यानं. त्या गठ्ठ्यापाशी हा काळा गडी जातो आणि एकेक अंडं उचलून खातो. अंड्यातून नुकती निघालेली अळी असली तरी तिलाही सोडत नाही. आणि याची पोरं, पांढरट, लांबुडकी, काळसर डोक्याची, तीही बापासारखीच खादाड. एकदा अण्णानं एकाच किड्याला ताटलीत अंडी घातली आणि मला बसवलं. मी बसलो, कारण त्यानं "मालकाला दम निघायचा न्हाई" असं म्हटलं. दुपारपर्यंत त्या मोहरीएवढ्यानं विसावर अंडी गट्ट केली. मी मोजली. माझ्या लक्षात आलं नाही की मी त्याच्यासारखा वाकून बसलोय.

"इंग्रजी पुस्तकात याच्या कुळाला सर्कशीतल्या जोकराचं नाव हाय," अण्णा म्हणाला. "आपण सोंगाड्या म्हणू. नोड्री, कोट कसा आखूड. मागचा भाग उघडाच."

खरंच, पाठीवरचं काळं कवच मागं कमी पडलेलं, धाकट्या भावाचा कोट घातल्यासारखं. आणि त्याला बोट लावलं की डोकं आत, पाय पोटाखालच्या खाचांत घडी घालून बंद. मेला. हलवा, उलटा करा, फुंका, दाद नाही. आपण गप बसलो की मग हळूच एक पाय काढून अंदाज घेतो.

"भ्यालंय," मी म्हणालो.

"भ्यालं न्हाई. धोका हाय तवर मेलेलं, धोका सरला की कामावर. आपल्याला जमंल का मालक, असं?"

गावानं त्याचं नाव हुळप्पा ठेवलं. कानडीत किड्याला हुळ म्हणतात. चहाच्या टपरीवर पोरं विचारायची, "काय हुळप्पा, आज किती लेकरं झाली?"

"माशीची सांगू का तुझी?" अण्णा विचारायचा, आणि अख्खी टपरी त्या पोराकडं वळायची.

बशीतला चहा पिताना त्याच्या बशीत माशी पडली तर तो तिला बोटानं काढून कडेला ठेवायचा, मारायचा नाही. "ही दिसती ती म्हातारी. हिला मारून काय व्हतंय? हिची अंडी कुठं हायत ते बगा."

एकदा बीदरला जाताना मी त्याच्याबरोबर बसमध्ये होतो. त्यानं गोळ्यांच्या डबीत किडे घेतले होते, बहिणीच्या गल्लीतल्या शेणात सोडून बघायचे म्हणून. निम्म्या वाटेत त्याला मोजायची हुक्की आली. ताटली मांडीवर, किडे ताटलीत. सगळे मेलेले. शेजारी उदगीरकडची एक बाई बसली होती.

"अण्णा, मोहरी कुठली ओ? लई ठसठशीत दिसायली."

"हळ्ळीखेडची, अक्का."

"फोडणीला बरी हाय का?"

"थोडं थांबा. तीच सांगंल."

मोहरीनं सांगितलं तशी बाई सीटवर उभी राहिली. कंडक्टरनं बस थांबवली. "उतरा खाली, दोघंबी!" मी काय केलं होतं? पण मीही उतरायला लागलो. अण्णा उतरेना. ब्रशानं एकेक गोळा करत होता. "एक कमी हाय," म्हणाला. सगळी बस खाली वाकून किडा शोधायला लागली, ती बाईसुद्धा. शेवटी तो कंडक्टरच्या कातडी पिशवीच्या घडीत सापडला, मेलेला. अण्णानं त्याला डबीत ठेवलं, कंडक्टरला हात जोडले आणि मग कुणी आम्हाला उतरवलं नाही.

या माणसाचं एकच मागणं होतं. खत काढताना तिसरा वाटा ठेवा. सगळं एकदम काढू नका. दोन वाटे न्या, एक जुना, कोरडा वाटा तसाच राहू द्या, कारण किडे त्यात असतात. "मालक, माशीला घाई असती. तिचा संसार आठ-दहा दिवसांत उभा राहतो. याला महिना-सव्वा महिना लागतो. दोघांना एकदम हाकललं तर आधी कोण येईल?" एका खांबावर त्यानं गेरूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, तिसरा वाटा ठेवा. मराठीत लिहिलं, ट्रॅक्टरवाल्यांना वाचता यावं म्हणून.

आणि पाण्याच्या नळ्या. खाली गळणारी एकेक नळी तो शोधून बांधायचा. ओलं खत माशीचं, कोरडं खत आपलं, म्हणायचा. तो राहत होता तेवढी तीन वर्षं माझ्या शेडला माशी नव्हती असं नाही, पण आलेला माणूस चहा पिऊन जायचा. त्याचं कारण मी मनात माझ्या हुशारीला दिलं.

आणखी एक सांगायचं राहिलं, ते सांगायला मला जड जातंय. संध्याकाळी तो बीदरहून आलेलं मराठी वर्तमानपत्र मला वाचून दाखवायचा. वाचताना ओळीखाली बोट फिरवायचा, सावकाश. मला वाचता येतं का, असं त्यानं कधी विचारलं नाही. मीही, येत नाही, असं म्हणालो नाही. मी नुसता त्याच्या बोटावर नजर ठेवायचो. वर्षभरात माझी नजर बोटाच्या पुढं जायला लागली, तसं त्यानं बोट काढून घेतलं.  आज मी हे जे लिहितोय ते त्या बोटामुळं.

आता येळवस.

आमच्याकडं वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात कुत्रं राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची खोप घालायची, पाच दगड मांडून पुजायचे, मग भज्जी, उंडे, तिळाची पोळी, माठातलं आंबील, आणि येईल त्याला जेवायला बसवायचं. कुणाच्या शेतात किती पंगती उठल्या, यावर वर्षभर माणसाची मिशी ठरते. आदल्या येळवशीला शेडच्या वासावरून माझा मेव्हणा सगळ्यांत बोलला होता, "दाजी, आंबील पिऊ का नाक धरू?" माणसं हसली. ते हसू मी वर्षभर विसरलो नाही. आणि या वर्षी माझे नवे व्याही उदगीरहून पहिल्यांदा येणार होते.

येळवशीच्या आधी चार-पाच दिवस अण्णाच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तो नौबादला निघाला. पिशवी खांद्याला लावून दारात थांबला.

"मालक, मी येस्तवर खताला हात लावू नका. लावायचाच झाला तर..."

"तिसरा वाटा. व्हय अण्णा, माहीत हाय. जावा निवांत."

ट्रॅक्टरवाल्याला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

दोन दिवस लागले. तळापर्यंत खरवडलं. फरशी धुतली. दुकानातनं औषध आणलं आणि खाली, खांबांना, भिंतींना, सगळीकडं मारलं. ट्रॅक्टरवाला खांबापाशी थांबला. "मालक, हितं लिवलंय, तिसरा वाटा ठेवा म्हणून."

"शेड कुणाचं? माझं का त्या खांबाचं?" मी म्हणालो, आणि स्वतः कुंचला घेऊन त्या अक्षरांवर चुना ओढला.

येळवस झकास झाली. व्याही शेडमध्ये फिरून आले. "व्याही, शेड हाय का देऊळ?" म्हणाले. मेव्हणा आंबील पिऊन गप बसला. मी मिशीवर हात फिरवला. तेवढ्या एका हातासाठी मी ते केलं.

अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आला. मी त्याला येताना पाहिलं आणि गोठ्याकडं गेलो. किती वेळ जाणार? परत आलो तर तो बादलीवर बसला होता. ढीग नव्हता, नुसती धुतलेली फरशी. भिंतीच्या कडेला झाडलोटीत राहिलेला कचरा त्यानं ताटलीत गोळा केला होता. त्यात काळे दाणे, पुष्कळ. सगळे पाय मिटून पडलेले.

मी दारात उभा राहिलो. त्यानं मान वर केली नाही. त्याला वाटलं, मी घाई करतोय.

"थांबा मालक," तो म्हणाला. "उठतील."

 कारभारीण चहा घेऊन आली, ती माझ्याकडं बघून चहा तिथंच ठेवून गेली. ऊन दारातनं आत आलं, ताटलीवर आलं, पुढं सरकलं. तो ब्रशाच्या टोकानं एखाद्याला जरा हलवायचा आणि परत गप बसायचा. जिवंत असले असते तर केव्हाच उठले असते. हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? तरी तो बसला. दिवस कलला तेव्हा त्यानं ताटली फरशीवर ठेवली.

"कुणी केलं?"

मी म्हणालो, "ट्रॅक्टरवाल्यानं. मी व्याह्यांच्या गडबडीत होतो. सांगून ठेवलं होतं त्याला तिसरा वाटा ठेव म्हणून. औषधबी त्यानंच मारलं."

अण्णानं खांबाकडं बघितलं. चुना अजून नवा होता, त्याचा वास येत होता. मीही खांबाकडं बघितलं.

"असू द्या," तो म्हणाला. "मालक, आता माशी येईल. थंडी हाय, तवर वीस-पंचवीस दिवस मिळतील."

ती आली. त्यानं सांगितलं त्याच्याही आधी आली. शेडवर, मग आमच्या घरात, मग गावात. जेवताना एक हात जेवायचा, एक हात वारायचा. अण्णा पहाटे उठून नळ्या बांधायचा, ओलं खत उन्हात पसरायचा, नौबादहून डबी-डबीनं किडे आणून सोडायचा. पण महिना-सव्वा महिना लागतो म्हणाला होता, तो लागणारच होता. मी दुसऱ्या दुकानाचं औषध आणलं. अण्णा तेव्हा एकदाच माझ्या आडवा आला. "मालक, आता जे थोडे हायत तेबी मरतील." मी म्हणालो, "अण्णा, तुमच्या किड्यापायी गाव मला शिव्या द्यायलंय." शिव्या कुणापायी होत्या ते मला माहीत होतं.

मग गावात एक लग्न निघालं. पंगतीत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढली, आणि गोड हुग्गीवर माश्या बसल्या त्या उठेचनात. नवरदेवाकडच्या कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो फोटो हुमनाबादपर्यंत गेला. हळ्ळीखेडची हुग्गी, म्हणे, काळी असते.

त्या संध्याकाळी देवळापुढं पारावर माणसं जमली. मला बोलावलं. अण्णा शेडमध्ये नळ्या बांधत होता, त्याला कुणी बोलावलं नाही.

मुलीचा बाप उभा राहिला. त्याचा आवाज बसला होता. "काका, माझ्या लेकीच्या लग्नात माझं नाक गेलं. हे काय चालवलंय शेडात?"

इथं मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. येळवशीला मी सगळं खत काढलं आणि औषध मारलं, चूक माझी. एवढंच. पारावर पन्नासेक माणसं होती, त्यात माझा मेव्हणा होता.

मी म्हणालो, "मी काय करू? त्या हुळप्पाला किड्याचा नाद हाय. तो किडे पाळतो माझ्या शेडात. खताला हात लावू देत न्हाई."

हुळप्पा म्हणालो. तोपर्यंत माझ्या तोंडात ते नाव कधी आलं नव्हतं.

पुढं मला काही बोलावं लागलं नाही. सगळ्यांनी त्याला ताटली घेऊन बसलेला पाहिलं होतं. डबीतनं किडे आणताना पाहिलं होतं. बसमधली मोहरीची गोष्ट, जिच्यावर गाव हसलं होतं, तीच आता साक्ष झाली. एक जण म्हणाला, "जाणूनबुजून किडे आणून सोडतो बगा." ठरलं की त्यानं गाव सोडावं.

गावातले एक वडीलधारे आप्पा ते सांगायला गेले. मवाळ माणूस. मालक आणि भाडेकरूत कडवटपणा नको म्हणून त्यांनी आपल्या मनानं एक गोष्ट जोडली. म्हणाले, "अण्णा, मालक तुमच्या बाजूनं लई बोलले. पण गावापुढं कुणाचं चालतंय?"

हे मला कसं कळलं? अण्णानंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी पिशवी खांद्याला लावून तो माझ्या ओट्यावर आला. इस्त्रीचा सदरा. ताटली वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"मालक, आप्पांनी सांगितलं. तुम्ही तेवढे माझ्या बाजूनं बोललाव. लई उपकार झाले."

त्यानं हात जोडले. मी पण जोडले. माझ्या आयुष्यात मी एवढा वेळ हात जोडून कुणापुढं उभा राहिलो नव्हतो, देवापुढंसुद्धा.

तो गेल्यावर कारभारीण दारात येऊन म्हणाली, "तुमी कामून गप बसलाव?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला माशीतलं कळत न्हाई. माणसातलं कळतंय." त्या दिवसापासून किती दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली ते मी सांगत नाही.

आणि एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. भिंगाशिवाय माशीचं अंडं ओळखणाऱ्या माणसाला खांबावरचा ताजा चुना दिसला नसेल का? खत न्यायला आलेला ट्रॅक्टरवाला चुना-कुंचला घेऊन फिरत नाही. तो अक्षरांकडं बघून "असू द्या" म्हणाला होता. मग ओट्यावर येऊन हात जोडले ते काय समजून? खरंच फसला असेल तर मी त्याला फसवलं. आणि सगळं ओळखून, माझी मिशी राहावी म्हणून हात जोडले असतील, तर मला तोंड दाखवायला जागा नाही. दोन्हीतलं कोणतं, ते मी विचारलं नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागतं.

दोन वर्षं मी औषधं मारत राहिलो. माश्या त्याला सरावल्या. खांबावरचा चुना पावसाळ्यात पोपडे धरून गळाला आणि खालनं गेरू दिसायला लागला. आधी "ठेवा" दिसलं, मग "वाटा". मी परत चुना लावला नाही.

गेल्या हिवाळ्यात मी बीदरला डोळे दाखवायला म्हणून गेलो. डोळ्याला काही झालं नव्हतं. नौबादला उतरून विचारत विचारत त्याच्या बहिणीच्या घरी पोचलो. अण्णा गच्चीवर होता. तिथं शेणाच्या चार कुंड्या, एक उपडी बादली, आणि तो. केस सगळे पांढरे झालेले. सदरा इस्त्रीचा.

"शरणु शरणार्थी, मालक! या. अक्का कशा हायत?" त्यानं बादली मला दिली आणि स्वतः खाली बसला.

मी वाटेत बसमध्ये सगळं बोलणं जुळवलं होतं. पहिलं वाक्य तर पाठ होतं. चहा आला. मी चहा प्यालो. त्यानं विचारलं, "तिसरा वाटा ठेवायलाव न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

बघा. तिथंही.

त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग उठला, कुंडीतलं कोरडं शेण एका पत्र्याच्या डब्यात भरलं, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली आणि डबा माझ्या हातात दिला. "तरीबी हे घेऊन जावा. भरपूर हायत. गेल्या गेल्या कोरड्या ढिगात सोडा. औषध मात्र सहा महिने दावू नका."

मी ठेवत नाही, हे त्याला ठाऊक होतं. ठेवत असतो तर डबा कशाला लागला असता?

घरी येऊन मी डबा उघडला. ताटली नव्हती म्हणून कारभारणीची परात घेतली. ती शेजारी येऊन बसली. मी शेण परातीत ओतलं आणि बोटानं पसरलं. काळे दाणे, पन्नास-साठ तरी. सगळे मेलेले.  आता वाट कशी बघतात ते मला कळलं. मी हललो नाही. श्वाससुद्धा हळू घेतला.

कडेच्या एकानं पाय काढला. मग त्याच्या शेजारच्यानं. मग सगळे एकेक करून उठले आणि शेणाखाली कामाला निघून गेले. परात रिकामी दिसायला लागली.

मी तसाच बसलो होतो. कारभारीण म्हणाली, "ते उठले. तुमी कवा उठणार?"

आता मी तिसरा वाटा ठेवतो. माश्या कमी झाल्या, गावाला वाटतं औषध चांगलं मिळालं. पारावर मी अजून काही बोललो नाही, पण हे लिहिलेलं आप्पांना देणार आहे, त्यांनी चारचौघांत वाचावं. दुसरी प्रत मी माझ्या हातानं केली, वेलांट्या जशा आल्या तशा. ती नौबादला न्यायची आहे. यावेळी मला काही बोलावं लागणार नाही. अण्णाला मराठी वाचता येतं.